नाव नाडीपाशी कळतं

प्रश्न : मुलाच्या लग्नासाठी काळे, पुढून साधे चामडी बूट घ्यायचेत. दुकानदार नाडीच्या प्रत्येक बुटाला ‘ऑक्सफर्ड’ म्हणतो. ते बरोबर आहे का? माझे पाय रुंद आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. ३० वर्षं बूट शिवतोय, ही गल्लत मला खरंच खटकते. नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवल्या असतील तर ऑक्सफर्ड. त्यावर शिवून मोकळ्या उघडत असतील तर डर्बी. ‘प्लेन टो’ म्हणजे फक्त टोकावर आडवी शिवण नसलेला. तो दोन्हींत मिळतो.

तुम्ही डर्बीच घ्या. रुंद, उंच पावलावर ऑक्सफर्डच्या पट्ट्या फाकतात आणि पायाची वरची बाजू दुखते.

साध्या टोकाला चामडं मात्र उत्तम लागतं, कारण डाग झाकायला तिथे शिवणच नसते. अंगठ्याने हलकं दाबा : बारीक सुरकुत्या पडून विरल्या तर चांगलं. प्लास्टिकसारखा जाड थर चकाकत असेल तर ठेवून द्या, पुढे तो दुमडीवर तडकतो. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. आणि मोजे लग्नात घालणार तेच न्या.