नवीन कोचला किती वेळ द्यायचा?

प्रश्न: भाचा अमेरिकेत शिकतो, त्याच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेस मी रविवारी पहाटे उठून बघतो. नवीन हेड कोच आलाय पण टीम हरतेच आहे, त्याला काढायला नको का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: अहो, एवढ्यात नको हो! निक सेबन हे कोच २००७ मध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीच्या टीमला आले तेव्हा पहिल्या सीझनला ७ जिंकल्या, ६ हरल्या, त्यात लुइझियाना-मनरोसारख्या छोट्या टीमकडून घरच्या मैदानावर २१-१४ असा मार खाल्ला, लोक जाम भडकले होते, आणि २००९ ला तीच टीम १४ पैकी १४ जिंकून चॅम्पियन! पहिल्या वर्षी बरीचशी पोरं आधीच्या कोचने निवडलेली असतात ना. आता ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलणं, सोपी झालीय, त्यामुळे टीम लवकर बदलते हे खरं, तरी एका सीझनवरून काढणं मला अजिबात पटत नाही. स्कोअर सोडा, चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरला टॅकल (बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) सुटतायत का ते बघा.