ठाण्याहून चार दिवस जाऊन सह्याद्रीतल्या एकाच गावात मुक्काम करायचा आणि तिथून रोज ट्रेक करायचे, तर कोणतं गाव धरावं?

तुम्ही चौघे आहात, डिसेंबरात चार दिवस मोकळे आहेत. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी आणि जमलं तर हरिश्चंद्रगड करायचाय, पण रोज बॅगा बांधायच्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर साम्रद, अकोले तालुक्यातलं. आणि हरिश्चंद्रगड या खेपेला सोडा.

बहुतेक जण भंडारदरा धरणाजवळ शेंडीला उतरतात, कारण तिथे हॉटेलं, दुकानं, एसटी सगळं आहे. पण रतनगडाच्या पायथ्याची रतनवाडी तिथून तलावाला वळसा घालून सुमारे 20 किलोमीटर पडते, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ जीपची वाट बघणं आलं. साम्रद तलावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सांदणचं तोंड गावापासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि रतनगडाच्या त्र्यंबक दरवाज्यातून उतरणारी वाटही याच गावात येते. म्हणजे दोन दिवस तुम्ही पायीच मुक्कामी परतता. हरिश्चंद्रगडासाठी मात्र इथून राजूरवरून फिरून त्याच्या पायथ्याच्या पाचनईला जावं लागतं. घाटरस्त्यात दिवसाचे तीन-चार तास मोडतात आणि परतायच्या घाईत त्या गडाच्या कोकणकड्यावरची संध्याकाळ हुकते. त्या गडासाठी पाचनईतच राहावं.

निघताना गुरुवार धरा. कळसूबाई (1646 मीटर) राज्यातलं सर्वात उंच शिखर असल्यामुळे शनिवार-रविवारी तिथल्या लोखंडी शिड्यांवर रांगा लागतात. शिवाय घोटीहून येताना त्याच्या पायथ्याचं बारी गाव वाटेतच लागतं, तेव्हा कळसूबाई जातानाच उरका. ठाण्यातून पहाटे साडेचारला गाडी काढली तर साडेसात-आठला बारी. चढायला तीन ते साडेतीन तास, उतरायला दोन-अडीच. संध्याकाळी उजेडात साम्रदला पोचायला हवं, म्हणून साडेअकरापर्यंत माथा आला नाही तर परत फिरा. भिवंडीजवळच्या आमण्यापासून इगतपुरीपर्यंतचा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून चारचाकीला कसारा घाट टाळता येतो. दुचाकीला मात्र तिथे बंदी आहे. लोकलने येणार असाल तर ठाणे ते कसारा पावणेदोन-दोन तास, आणि पुढची जीप साम्रदला ज्या घरी उतरणार त्या घरमालकालाच कसाऱ्याला पाठवायला सांगा. तुकड्या-तुकड्याने गेलात तर घोटीपर्यंत वाहनं मिळतात, साम्रदपर्यंत मिळतीलच असं नाही. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीतच घ्या.

शुक्रवार सांदणचा. आदल्या दिवशीच्या उतरणीने गुडघे बोलत असतात आणि सांदण अर्ध्या दिवसात होते. सुरुवातीलाच पाण्याची दोन कुंडं आहेत. दुसरं जास्त खोल असतं, आणि डिसेंबरात पाणी उन्हाळ्यापेक्षा बरंच वर असतं. बूट काढून अनवाणी उतरू नका. तळाचे दगड गुळगुळीत असतात आणि पाय मुरगळतात ते तिथेच. बुटांसकट जा, कोरडे मोजे आणि एक कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाइलही त्यातच. दोराशिवाय उतरता येणार नाही असा पहिला कडा आला की मागे वळायचं. त्याच्या पुढची वाट डेहणे गावाकडे, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात उतरते, पण ती दोर, हार्नेस आणि जाणकार माणसं सोबत असतील तरच. पावसाळ्यात तर दरीत पाऊलही टाकू नये. वर घाटमाथ्यावर पडलेलं पाणी अरुंद भिंतींमधून अचानक येतं आणि बाजूला चढून जायला जागा नसते.

शनिवार रतनगडाचा, आणि या मुक्कामाचं खरं मोल त्याच दिवशी कळतं. सकाळी सहाला जीपने रतनवाडीला जा, अमृतेश्वर मंदिर बघा आणि चढायला लागा. सुरुवातीला प्रवरेच्या काठाने दाट जंगल आहे. त्यातच कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे जाणारा फाटा फुटतो आणि माणसं चुकतात ती त्याच फाट्यावर. वाटाड्या घ्या, गावातलाच घ्या. शिड्या चढून गणेश दरवाज्याने वर, मग नेढं (कड्याला आरपार पडलेलं भोक), आणि उतरताना त्र्यंबक दरवाजा. तिथल्या कोरीव पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत; दगडाकडे तोंड करून उतरावं. चौघांत कुणाला उंचीची भीती असेल तर उलटं करा: साम्रदहून त्र्यंबक दरवाज्याने चढा, शिड्यांनी उतरा आणि जीप दुपारी रतनवाडीला बोलवा. ती वाट उतरण्यापेक्षा चढायला सोपी वाटते. थांबे धरून सात-आठ तास लागतात. माणशी तीन लिटर पाणी घ्या; गडावरच्या टाक्यांचं पाणी गाळून-उकळूनच प्यावं.

घर ठरवताना फोनवर नुसतं 'चौघे येतोय' म्हणू नका. संडास आत की बाहेर, पांघरुणं किती, पहाटे साडेपाचला चहा-पोहे मिळतील का, दुपारची भाकरी बांधून देतील का, जीप आणि वाटाड्याचे पैसे धरून की वेगळे, हे एकेक विचारा. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, तेव्हा स्लीपिंग बॅग असेल तर न्याच. वीज जाते, रेंज भरवशाची नाही: हेडलॅम्प, पॉवर बँक आणि घरच्यांना आधीच लिहून दिलेला चार दिवसांचा बेत, तिन्ही लागतात. सगळा भाग अभयारण्यात आहे. वनखात्याची प्रवेशपावती जपून ठेवा, जंगलात शेकोटी पेटवू नका.

रविवारी ऊन चढायच्या आत घाटघरचा कोकणकडा बघा आणि तिथूनच शेंडीमार्गे परतीला लागा. अकराच्या पुढे रेंगाळलात तर संध्याकाळच्या गर्दीत भिवंडी बायपासला अडकाल.