पिन दोनदा बदलली, तरी पेट्रोल ठिबकतंच

प्रश्न : काका, नमस्कार. मामाची १९९४ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल माझ्याकडे आली. तिला खडबडीत टायर, उंच मडगार्ड आणि रुंद हँडल लावून डर्टची गाडी केली आहे. महिन्यातून दोनदा सासवडच्या बाजूला एका शेतातल्या ट्रॅकवर नेतो. गेले दोन महिने कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. पेट्रोलचा कॉक उघडला की पाच मिनिटांत खालच्या नळीतून थेंब सुरू. फ्लोट पिन (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी सुई) दोनदा बदलली, फरक शून्य. स्पार्क प्लग मात्र कोरडा, कॉफीच्या रंगाचा. मेकॅनिक म्हणतो, अख्खा कार्बोरेटर बदला. बदलू का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : अजिबात नको. १९९६ला बंद झालेली गाडी आणि तिच्यावरचा मूळचा मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर. तो काढून बाजारातला कुठलातरी चकचकीत डुप्लिकेट बसवलास, तर पुढचं वर्षभर ट्यूनिंग करत बसशील.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू सहज लिहून गेलास : प्लग कोरडा आहे. बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत, खरंच पेट्रोल जास्त चढत असतं, तर थोडं इंजिनातही गेलं असतं. प्लग काळा, ओला निघाला असता, गाडी घरघरली असती. तसं काही नाही. म्हणजे बहुधा पातळी वाढलेलीच नाही, तरी पेट्रोल बाहेर येतंय.

बाऊल काढलास की मधे एक बारीक पितळी पाइप उभा दिसेल. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगत वर येऊन पिन बंद करणारा तुकडा, बिघडून पेट्रोल प्रमाणाबाहेर चढलं, तर ते या पाइपच्या वरच्या तोंडातून खाली उतरून बाहेर पडावं, इंजिनात जाऊ नये, म्हणून तो असतो. या पाइपला केसाएवढी चीर गेली, की पेट्रोल वरपर्यंत चढायच्या आधीच चिरेतून निघून जातं. फ्लोटला वाटतं अजून भरलं नाही, म्हणून तो पिन उघडीच ठेवतो. मग तू सोन्याची पिन घाल, गळणारच.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही. नाना पेठेत माझं गॅरेज होतं, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या गाडीला मी एकापाठोपाठ तीन पिना घातल्या. चौथ्यांदा तो आला तेव्हा काही बोलला नाही. गाडी स्टँडला लावली आणि समोरच्या टपरीवर चहा पीत माझ्याकडे बघत बसला. पुण्यातलं गिऱ्हाईक भांडलं तर बरं, गप्प बसलं की घाम फुटतो. शेवटी वैतागून मी बाऊल सोडवला, त्यात पेट्रोल ओतलं, पाइपच्या तोंडापेक्षा बोटभर खाली ठेवलं आणि दोन विटांवर वर्तमानपत्राच्या वर तो टेकवला. बाऊल ठणठणीत दिसत होता. चार-पाच मिनिटांनी खालच्या निपलला, म्हणजे बाहेरची नळी जोडायच्या टोकाला, एक थेंब लोंबला, पडला आणि कागदावर रुपयाएवढा डाग पसरला. उन्हात धरून भिंगाने पाहिलं तर पाइपच्या बुडाशी काळी रेघ. आधी कुणीतरी पक्कड लावून तो सरळ केला असणार.

तू हेच कर, पण उघड्यावर. गॅस गिझर, उदबत्ती, बिडी जवळ नको. बाऊल कोरडा असेल तर आणखी सोपं : पाइपचं वरचं तोंड बोटाने दाबून निपलला छोटी रबरी नळी लाव आणि तोंडाने हवा ओढ. हवा आली की चीर आहे. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी बाऊल घ्यायला गेलास, तर पैसे देण्याआधी तिथेच ओढून बघ. दुकानदार हसला तर हसू दे. पाइपची चीर बारीक डाग देऊन, म्हणजे झाळून, बुजवणारे कारागीर आहेत, पण बाऊल धुऊन, पूर्ण वाळवून, पेट्रोलचा वासही राहिला नाही की मगच त्यांच्याकडे ने.

पाइप धड निघाला, तरच पिनेकडे वळ. कार्बोरेटर उलटा धर, म्हणजे फ्लोटच्या वजनाने पिन बसेल. पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंक. हवा अडली तर पिन आणि सीट (पिन जिथे बसते ती जागा) दोन्ही ठीक. निसटली तर पिनेच्या टोकावर नख फिरव. टोकाशी गोल खाच लागली तर ती गेली. टोक गुळगुळीत असेल तर सीटमध्ये टाकीतला गंज अडकला असेल. कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसून काढ, खिळ्याने खरवडू नकोस. जुनी आणि नवी पिन शेजारी ठेवून उंचीही बघ; नवी जराशी आखूड असली तरी पेट्रोल उशिरा बंद होतं आणि पातळी चढते. पोकळ फ्लोट असेल तर कानाशी हलव. आत खुळखुळलं तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो आता नीट तरंगत नाही.

आणि रात्री कॉक बंद करत जा. बोळात गाडी लावून कॉक उघडा ठेवणारे पाहिले, की मला अजून झोप येत नाही.

प्रश्न : ट्रॅकवर गाडी आडवी पडली की नंतर किक मारून पाय दुखतो. कार्बोरेटर खराब झालाय का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. गाडी आडवी झाली की बाऊलमधलं पेट्रोल सांडणारच, काही इंजिनात जाणारच. पडल्या पडल्या कॉक बंद कर. मग चोक न लावता, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून दहा-बारा किक मार. तरी नाही तर प्लग काढ, त्याच्या वायरची टोपी प्लगच्या भोकापासून लांब धर आणि प्लगशिवाय पाच-सहा किक मार. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमध्ये साचतं, ते फवाऱ्यासारखं बाहेर येईल, चेहरा बाजूला ठेव. ठिणगी उडाली तर ती वाफ पेटते, म्हणून टोपीचं सांगितलं. एक कोरडा प्लग आणि पाना खिशात ठेवायचा, बास. आणि हो, हा सराव टेकडीवर नको; तिथे सकाळी म्हातारी माणसं चालायला येतात, मीही येतो.