मनाली ते लेह सायकलने आठ दिवसांत करायचं आहे. निसर्गही नीट पाहता येईल असे रोजचे टप्पे कसे आखावेत?

रोज ६० किमी धरले तर आठ दिवसांत लेह येतं, असा तुमचा हिशेब दिसतो. रोहतांग खिंडीवरून जाणारा जुना रस्ता साधारण ४७५ किमीचा आहे, म्हणजे भागाकार बरोबर आहे. पहिल्या खेपेला आम्ही पुण्याच्या पाच जणांनीही हाच भागाकार केला होता. सरचूच्या तंबूत रात्री दोनला आमच्यातला एक जण डोकं दाबून बसला होता आणि पाण्याचा घोटही पोटात टिकत नव्हता. पहाटे गाडी मिळाली तसं त्याला जिस्प्याला खाली आणलं. सिंहगड तो आमच्या सगळ्यांच्या आधी चढायचा, त्यामुळे प्रश्न पायांचा नव्हताच, उंचीचा होता.

म्हणून किलोमीटर बाजूला ठेवा आणि आधी रात्री कुठे झोपायचं ते ठरवा. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. दिवसा कितीही वर चढून या, झोपायला खाली या. जिस्पा ३,२०० मीटरवर आहे आणि सरचू ४,२९० वर. आमची चूक तिथेच झाली.

दुसऱ्या वर्षी बारा दिवस घेतले. पहिली रात्र मढीला, दुसरी रोहतांग (३,९७८ मी.) ओलांडून सिस्सूला, म्हणजे परत ३,१०० च्या आसपास. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून लेहकडे जाणारी बहुतेक वाहनं रोहतांगला येतच नाहीत. मनालीच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्या असतात, पण माथ्यापलीकडे ग्राम्फूपर्यंतचा उतार आता बराच शांत झाला आहे. वेळ वाचवायला तो टाळू नका. पुढे केलांगला एक दिवस थांबलो, मग जिस्पा, पटसिओ, झिंगझिंगबार असे मुद्दाम छोटे टप्पे केले. पटसिओला स्वतःचा तंबू असलेला बरा.

हे छोटे टप्पे ‘वाया गेलेले दिवस’ वाटतात, पण खरा निसर्ग मला त्यांनीच दाखवला. तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या भेटतात आणि पुढे चंद्रभागा होते. पंढरीची चंद्रभागा लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला तो पाटीवरचा शब्द वाचून क्षणभर थांबावंसंच वाटतं. तिथून वर भागा सतत सोबत असते, दर वळणाला थोडी बारीक होत जाते, आणि बारालाचा खिंडीच्या जेमतेम खाली सूरजताल तलावाशी तुम्ही तिच्या उगमाला पोचता. चार दिवस एका नदीच्या काठाने उगमाकडे जाणं गाडीतून अनुभवता येत नाही. बारालाचा (सुमारे ४,८५० मी.) ओलांडला की पाणी दुसऱ्या बाजूला, झंस्कार नदीकडे वाहायला लागतं.

झोपायच्या जागेनंतर दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाची वेळ. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं नाल्याचं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. वाराही दुपारीच उठतो. म्हणून खिंडीच्या पायथ्याशी झोपा, पहाटे निघा आणि दुपारी एकच्या आत तंबूत असा. झिंगझिंगबारला झोपल्यामुळे सूरजतालला आम्ही वारा सुटायच्या आधी पोचलो. पाणी आरशासारखं होतं. पहिल्या खेपेला तिथे दुपारी पोचलो होतो, तेव्हा लाटा आणि धूळ याशिवाय काही दिसलं नव्हतं.

सरचूनंतर एक सल्ला जरूर ऐका. बहुतेक जण सरचू ते पांग एका दिवसात करतात. वाटेत गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला (‘ला’ म्हणजे खिंड) आणि मग ५,००० मीटर ओलांडणारा लाचुलुंग ला येतो. त्यापेक्षा सरचूहून २५ किमीच जा आणि गाटाच्या पायथ्याशी तंबू टाका. उंची सरचूपेक्षा किंचित कमीच आहे, त्यामुळे शरीराला विश्रांती मिळते आणि वळणं सकाळच्या थंडीत चढता येतात. हे रस्ते लष्करी ट्रकसाठी बांधलेले असल्याने चढ लांबलचक असला तरी फार उभा नसतो. पसरणी घाटाचा सराव असेल तर पाय पुरतील, धाप मात्र पुरी लागेल. मागची सर्वात मोठी दातेरी चकती ३४ दात्यांची आणि पुढची सर्वात लहान चकती त्याहून कमी दात्यांची हवी.

पांगनंतर मोरे मैदान लागतं. ४,७०० मीटरवर साधारण ४० किमी जवळजवळ सपाट रस्ता आहे, आणि नशीब असेल तर कियांग, म्हणजे रानगाढवांचा कळप दिसतो. तिथे दुपारच्या वाऱ्यात सापडू नका. डेबरिंगला राहा, दुसऱ्या दिवशी तांगलांग ला (५,३२८ मी.) चढून रुमत्सेला उतरा. माथ्यावर ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास असतो, त्यामुळे फोटो काढून लगेच खाली या.

शेवटच्या दिवशी मात्र उशिरा निघा. मिरू ते उपशी ही घळ अरुंद आहे, आणि उभ्या थरांचे जांभळे, हिरवे कडे ऊन आत उतरल्याशिवाय रंग दाखवत नाहीत. आम्ही तिथे तीन तास लावले.

जायचं तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मध्य. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. डोकेदुखी वाढत गेली, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरा. इतर राज्यांचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, गटात एक तरी पोस्टपेड ठेवा.

रजा खरोखर आठच दिवस असेल तर मनाली-लेहचा हट्ट सोडा. विमानाने लेहला जा, दोन दिवस काहीही न करता काढा, आणि सिंधूच्या काठाने निम्मू, अल्ची, लामायुरू करा. निम्मूला हिरवट सिंधू आणि गढूळ झंस्कार शेजारी वाहताना दिसतात. झोपायची उंची बहुतेक ३,५०० च्या आतच राहते. कोणता महिना आणि कोणती सायकल ते कळवलंत तर त्याप्रमाणे टप्पे लिहून देतो.