पेडल दाबले की कुंभारकामाचे जुने विजेचे चाक आधी अडते आणि मग एकदम पळते. कोणते कंट्रोल कार्ड (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटची पाटी) घ्यावे?

‘कार्ड जळले’ हे निदान मी डिचोलीत इतक्यांदा ऐकले आहे की तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही. तुम्ही सांगता ती लक्षणे कार्डाची नाहीत; पेडलमधला पोटेन्शिओमीटर, म्हणजे पेडल दाबू तसा रोध बदलून कार्डाला वेग सांगणारा भाग, झिजला आहे.

आमच्या चाकाने सहा वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, हेच केले. चवथीची कामे अडली होती आणि माझे थोरले दीर, ज्यांचा जन्म पंपांच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेला, त्यांनी झाकणही न उघडता कार्ड बदलायला सांगितले. नवे कार्ड बसवले. चाक पूर्वीसारखेच उसळत राहिले. शेवटी मीच प्लग काढून पेडल उघडले, आतला वाळलेला चिखल खरवडला, पोटेन्शिओमीटरच्या तारा सोडवल्या, त्याच्या मधल्या आणि कडेच्या पायाला मल्टिमीटर लावला आणि पेडल सावकाश दाबत गेले. काटा संथ सरकायला हवा होता. तो एका जागी थरथरून पलीकडे उडी घेत होता. (याला काट्याचा जुना मीटरच बरा, आकड्यांच्या मीटरवर ही उडी नजरेतून सुटते.) भांड्याची भिंत वर ओढताना आपण तासन्‌तास जवळपास एकाच वेगावर असतो, म्हणून आतला कार्बनचा पट्टा नेमका तेवढ्याच भागात झिजतो, त्यात पेडल जमिनीवर, मातीच्या पाण्यात आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात. 5 किलोओहमचा नवा पोटेन्शिओमीटर घातल्यावर जुने कार्डही उत्तम चालले. भावोजींना मी ते समोर चालवून दाखवले, तरी ‘कार्ड तेव्हा तापले होते’ हे त्यांचे पालुपद अजून सुटलेले नाही.

तुमच्या पोटेन्शिओमीटरवर छापलेल्या किलोओहमचाच, पण लिनिअर (रोध एकसारखा बदलणाऱ्या) प्रकारचा घ्या आणि नंतर कार्डावरील किमान वेगाचा स्क्रू असा लावा की पेडल सोडताच चाक थांबेल. माती मध्यावर आणताना चाक मंदावत असेल, तर मात्र बेल्ट आणि मोटरमधले कार्बन ब्रश पाहा.

हे आधीच सांगायला हवे होते: अशा कित्येक कार्डांत पेडलच्या तारांमध्येही मुख्य पुरवठ्याचा विद्युतदाब असतो, तेव्हा प्लग काढल्याशिवाय आत बोट घालू नका. आणि पेडल पूर्ण सोडूनही चाक भरधाव फिरत असेल व पेडलची एकही तार तुटलेली नसेल, तर कार्डावरचा थायरिस्टर (मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारा भाग) गेला असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा मोटरच्या पाटीवरचे व्होल्ट आणि अँपिअर पाहून खुशाल नवे कार्ड घ्या. एवढ्यापुरते भावोजी बरोबर.