पाणलोटाच्या कामात नव्याने येणाऱ्यासाठी

संस्थेत आलास की आधी नदीकाठावरचा कचरा उचलायला नेतील. जरूर जा, पण तेवढ्यावर थांबू नकोस. नदी बहुतेकदा काठापासून लांबच बिघडते: उतारावरच्या शेतात, उघड्या मातीच्या बांधकामांवर, नाल्यांमध्ये. म्हणून पाणलोटाचा, म्हणजे ज्या भागाचं पाणी वाहत नदीला मिळतं त्या सगळ्या भागाचा, नकाशा घे आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकदा तरी चालून ये. कोणता ओढा कुठे मिळतो हे डोळ्यांनी बघितलेलं असावं.

मग नमुने घ्यायला शीक. प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ बाटलीत येणार नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ. जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र कधीच विसळायची नाही. विरघळलेला ऑक्सिजन दर वेळी ठरलेल्या वेळेलाच मोज. रात्रभर शेवाळ ऑक्सिजन नुसता वापरतं, तयार करत नाही, त्यामुळे पहाटेचा आकडा साधारणपणे सर्वांत कमी येतो. एकदा पहाटे आणि एकदा दुपारी मोजलंस तर तुलना फुकट. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर लगेच कळव, माशांना त्रास सुरू होतो.

कोरड्या काळानंतरच्या पहिल्या जोरदार पावसाचा नमुना चुकवू नकोस. साचलेलं तेल, खत, घाण तेव्हाच वाहून येते. पण चढत्या पाण्यात उतरायचं नाही, पुलावरून बादली सोड. आणि तारीख, वेळ, हवामान तिथेच वहीत लिही. घरी गेल्यावर आठवून लिहिलेली नोंद मी तरी धरत नाही.