ताकाहे की पुकेको?

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या तिरितिरी मातांगी बेटावर जाणार आहोत. तिथे ताकाहे आणि पुकेको दोन्ही दिसतात म्हणे. फोटोंत दोघेही निळे आणि लाल चोचीचे. ओळखायचे कसे?

उत्तर : आधी पाठ बघा. जांभळी पाणकोंबडी डोळ्यांसमोर आणा आणि तिची पाठ काळी करा, झाला पुकेको. ताकाहेची पाठ शेवाळी हिरवी असते. पण सावलीत हा हिरवा रंगही काळपट दिसतो, म्हणून पक्षी उन्हात येईपर्यंत थांबा. मग चोच आणि पाय. ताकाहेची चोच अडकित्त्यासारखी जाडजूड, पाय आखूड आणि दणकट. पुकेकोचे पाय लांब, काटकुळे. ताकाहे साधारण 3 किलोचा, पुकेको जेमतेम 1 किलोचा. मात्र पक्षी एकटाच असेल तर दुरून आकाराचा अंदाज हमखास चुकतो. त्यातून ताकाहेचं अर्धवट वाढलेलं पिल्लू फिकट रंगाचं, काळसर चोचीचं असतं.

शेपूट झटकून खालचा पांढरा भाग दाखवणं, गवताची काडी पायात धरून खाणं या लकबी दोघांच्याही आहेत. त्यांवर विसंबू नका. पायात रंगीत कडी दिसली तर बहुधा ताकाहेच.

पक्षी उडाला तर प्रश्नच मिटला, तो पुकेको. ताकाहेला उडता येत नाही. उलटं मात्र खरं नाही, कारण पुकेकोही बऱ्याचदा उडण्याऐवजी पळतो. 2015 च्या ऑगस्टमध्ये मोटुटापू बेटावर पुकेकोंची संख्या कमी करायला गेलेल्या शिकाऱ्यांनी चुकून चार ताकाहे मारले. फक्त उडत्या पक्ष्यावर गोळी झाडा, अशी सूचना दिलेली असताना!

प्रश्न : दोघे इतके जवळचे, मग ताकाहेच दुर्मीळ का?

उत्तर : दोघांचे पूर्वज उडतच आले, पण ताकाहेचे फार पूर्वी. जमिनीवर शिकार करणारे सस्तन प्राणी तिथे नव्हते, त्यामुळे उडण्याची गरज संपली. पुकेको आला तो गेल्या हजारेक वर्षांत, पंख शाबूत ठेवून. माणसांनी आणलेला स्टोट हा मुंगसापेक्षाही लहान शिकारी ताकाहेला सहज मारतो. शिवाय जोडी वर्षाला एखादंच पिल्लू वाढवते. पुकेकोंच्या टोळीत एकाच घरट्यात अनेक माद्या अंडी घालतात. 1898 नंतर ताकाहे नामशेषच मानला गेला होता. 20 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. जेफ्री ऑर्बेल यांना तो मर्चिसन पर्वतात सापडला. 2023 मध्ये संख्या 500 च्या आसपास होती.